वळणावरचे दगड

सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत उभ्या चंपतरावांना बाकावरच्या बाईनं विचारलं, "बोटाले काय झालं, भाऊ?"

"जॅकखाली सापडलं. परवा कापूस भरून चाललो व्हतो आन् ट्रकचा अ‍ॅक्सल तुटला."

"डायवर आहा?"

"डायवर मीच, मालकबी मीच."

"मंग कापूस?"

"दुसरा ट्रक बोलावून त्याच्यात भरला. तवर गाडी घसरू नाई म्हणून चाकाले दगड लावले. मागं पळसाच्या फांदीले लाल फडकं बांधून ठेवलं. मंग टोचन लावून गाडी वढत नेली. तुमाले काय झालं?"

"मले नाई, याइले," तिनं शेजारी बाकावर पाय पसरून बसलेल्या नवऱ्याकडं बोट दाखवलं. "काल पहाटे फटफटीवरून पडले, पाय मोडला. गुडीहत्नूरच्या वळणावर कोण्या ट्रकवाल्यानं चाकाचे दगड रस्त्यातच सोडले व्हते."

"गुडीहत्नूरच्या?"

"हो. लाल फडक्याची फांदी नालीत उडून पडली व्हती. दगड तेवढे रस्त्यात. दोन मिनटं लागतात का नाई भाऊ, उचलाले?"

चंपतरावांनी रुमालातलं बोट मुठीत दाबलं.

"लागतात."

"तुमी उचलले असतीन न?"

"हो. उचलले."

"ऐकलं का जी? असेबी ट्रकवाले असतात. भाऊले बसाले जागा द्या."

तिच्या नवऱ्यानं पट्ट्या बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलला आणि कण्हत बाकावरून खाली ठेवला.

"या भाऊ, बसा."