माझ्या नाटकातलं न बसवलेलं गाणं

मी मूळचा चिंचवडचा, वडील कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी नट, म्हणजे नट कसले, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दर वर्षी हवालदार व्हायचे, कारण पोट हवालदाराचं होतं, आणि मी विंगेत उभा राहून सगळ्यांचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायचो. तिथूनच ही खोड लागली बघा. शाळेत वाढदिवसाचं भाषण असो की स्मशानातली शोकसभा असो, प्रकाशला उभं करा, प्रकाश बोलतो. लग्नातसुद्धा मी उखाणा असा घेतला की भटजी मंत्र विसरले. मेधा, माझी बायको, ती अजून म्हणते, मी माणसाशी नाही, माईकशी लग्न केलं.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला येऊन वीस वर्षं होत आली. इथे ‘ते रापा’ नावाच्या भागात दुधाच्या पावडरीचा कारखाना आहे, तिथे ड्रायरवरची यंत्रं नीट चालताहेत की नाही ते मी बघतो. कामाचं सांगण्यासारखं काही नाही, दूध आत जातं, पावडर बाहेर येते. सांगण्यासारखा आहे तो विरेमू. विरेमू बॉयलरवर, माओरी, म्हणजे इथला मूळचा माणूस, माझ्याहून हातभर उंच, आणि पहिल्या दिवसापासून मला बॉलिवूड म्हणतो. किया ओरा बॉलिवूड, आज काय नवीन? आणि मी डबा उघडता उघडता त्याला काहीतरी करून दाखवायचो, मॅनेजर कसा चालतो, ड्रायर बंद पडला की सुपरवायझर कसा घाबरतो. तो टेबलावर हात आपटून हसायचा. असा प्रेक्षक नशिबानं मिळतो हो, काय सांगू तुम्हाला, नटाला आणखी काय लागतं?

तर गेल्या वर्षी गणपतीच्या आधी काय झालं, आमची इरा, पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत, तिला शाळेत अमेरिकेच्या इतिहासावर बोलायचं होतं. मी कांदा चिरत होतो आणि ती ओट्यावर बसून मला म्हणून दाखवत होती. म्हणजे जुन्या काळातली ती अमेरिका, त्यात सुधारणेची लाटच आलेली, दारू सोडा म्हणणाऱ्या बायका, गुलामांना मोकळं करा म्हणणारे पाद्री, मुलींना शिकवा, बायकांना मत द्या, वेड्यांना साखळदंडातून सोडवा. आणि त्याच वेळी ती कापडी छपराच्या बैलगाड्यांची रांग निघालीय पश्चिमेकडे, जमीन घ्यायला. मी म्हटलं, अगं हे तर नाटक आहे! ती म्हणाली, बाबा, लिसन, ती दोन्ही माणसं एकच आहेत, दॅट्स द होल पॉइंट, सकाळी गुलामांसाठी रडतात आणि दुपारी दुसऱ्याच्या जमिनीत खुंटे ठोकतात. मी म्हटलं, हो हो, पण त्या गाड्या काय दिसतील गं स्टेजवर!

माझ्या डोक्यात गाड्या सुरू झाल्या होत्या. आता मुद्द्याकडे कोण बघतो?

आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक मीच बसवतो. त्या वर्षी विषय ठरला, पश्चिमेचं वारं. सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांवर चादरी ताणून गाड्या केल्या, माझा मीच खूश. दारूबंदीच्या प्रवेशात बाटलीतून कोकम सरबत ओतलं, दोन आज्या खरंच दचकल्या. इराला सुधारक बाई केली, डोक्यावर पांढरं टोपडं. आणि हशा हवा म्हणून, आता ऐका, हशा हवा म्हणून मी तिथले मूळचे लोक आणले. स्वस्त दुकानातून पिसांचे झाडू आणले, ते सोडवून पोरांच्या डोक्याला पिसं बांधली, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत मी स्वतः नाचून दाखवलं, तोंडावर हात आपटत हू हू हू हू कसं ओरडायचं ते. आपण लहानपणी तसंच खेळायचो ना? पोरं खिदळली. इरा खिदळली नाही. ती म्हणाली, बाबा, हे नको. मी म्हटलं, विनोद आहे गं. ती म्हणाली, आणि शेवट कुठे गेला, त्या लोकांची जमीन जाते तो? मी म्हटलं, गणपतीसमोर शेवट गोड लागतो, जमीन मिळते, सगळे गातात, पडदा. तिनं काम सोडलंच असतं, पण मेधानं गळ घातली, माझ्यासाठी कर, म्हणून राहिली.

आणि प्रमुख पाहुणा कोण? तर माझा विरेमू! मला वाटलं काय कल्पना आहे, इथला माणूस, शाल-श्रीफळ देऊ, दोन शब्द बोलेल, फोटो छान येईल. तो आनंदानं हो म्हणाला, फक्त विचारलं, घरच्या काही लोकांना आणू का, बहीण, भाचे, एक-दोन काका? मी आपला आपल्या सवयीनं बोलून गेलो, ब्रदर, जेवणाची ताटं मोजून सांगितलीयेत, तू एकटाच ये. तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, स्वीट ऍज, म्हणजे इथल्या बोलीत, चालेल.

नाटक रंगलं, खोटं कशाला बोलू. विरेमू पहिल्या रांगेत, अंगावर शाल, मांडीवर नारळ, दारूबंदीला तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. मी विंगेतून नाटक कमी आणि त्यालाच जास्त बघत होतो. मग गाड्या आल्या. मग पिसं लावलेली पोरं हू हू करत आली, धडपडली, पळाली. मग सुधारक बाईचा नवरा झालेल्या जोशांच्या पोरानं तंबूचा खुंटा स्टेजवर ठोकला आणि माझं लाडकं वाक्य टाकलं, ही जमीन कुणाचीच नाही, म्हणजे आपलीच! टाळ्या कडाडल्या. विरेमूनं मांडीवरचा नारळ उचलून हळूच खाली जमिनीवर ठेवला. बस, एवढंच केलं त्यानं. का केलं ते मला तेव्हाही कळत होतं, हे तुम्ही लिहून घ्या.

मग मंडळाच्या कुलकर्णी वहिनींनी माईकवर पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. तो उठला. आधी त्याच्या भाषेत बोलला बराच वेळ, आम्हाला कुणालाच कळलं नाही, आम्ही सगळे कौतुकानं मान हलवत होतो. मग इंग्रजीत म्हणाला, मुलांनी फार छान काम केलं, हीप्स गुड. ती टोपडंवाली बाई मी ओळखतो. आमच्या नदीवरही आली होती. दारू पिऊ नका म्हणायची, तिनं आमच्या पोरांना वाचायला शिकवलं, चांगली होती. मग खुंटे आले, जमीन गेली. माझी खापरपणजी पोर पाठीला बांधून इथून दक्षिणेला चालत गेली. ती काही ओरडली नव्हती म्हणतात. मग म्हणाला, शाल उबदार आहे, थँक यू.

आणि उभाच राहिला.

वहिनींना वाटलं तो पुढचं विसरला, त्यांनी टाळ्या सुरू केल्या. तो तरीही उभा. मला मात्र ठाऊक होतं. इतकी वर्षं कारखान्यात बघतोय, कुणी निवृत्त होवो, कुणी वारो, त्यांच्यातला माणूस बोलला की त्याच्या पाठीशी त्याचे लोक उठून उभे राहतात आणि गाणं म्हणतात, त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही, आणि त्यामुळे बोलणारा एकटा पडत नाही. आणि याला एकटं मी आणलं होतं. ताटं मोजून. मी स्वतःला म्हटलं, प्रकाश, ऊठ, जा. पण म्हणू काय? त्या सगळ्या निरोपसमारंभांत मी मागच्या रांगेत नुसतं तोंड हलवत आलो होतो. एक गाणं येत नव्हतं मला त्याचं. विंगेतच राहिलो.

इरा गेली. टोपडं डोक्यावर तसंच. स्टेजवरून उडी मारून खाली गेली, विरेमूच्या मागे उभी राहिली आणि माओरी गाणं गायला लागली, शाळेत शिकवतात त्यांना. मग पिसंवाली पोरं एकेक करून आली, जोशांचं पोरगं आलं, सगळ्यांना पाठ होतं हो, आमच्याच पोरांना! चिल्लीपिल्ली हातांच्या हालचालींसकट म्हणत होती. विरेमूनंही शेवटची ओळ त्यांच्याबरोबर म्हटली, वाकून त्यांच्या रीतीनं इराच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं आणि खाली बसला.

इथवर सांगितलं ते एक वेळ सोपं आहे. पुढचं सांगायला जीभ उचलत नाही.

जेवणं चालली होती. विरेमू रागावून गेला नाही, पंगतीत बसला, अळूवड्या आवडल्या म्हणाला, ते आणखी वाईट. आणि कुलकर्णी वहिनी माझ्याकडे आल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, प्रकाशराव, शेवटी ते गाणं काय बसवलंत हो, काटा आला अंगावर, तुम्ही म्हणजे खरे डायरेक्टर! चार माणसं जमली, वा वा म्हणाली. आणि मी काय म्हणालो असेन? मी हसलो आणि म्हणालो, हो, सुचलं आपलं. जीभ आपोआपच वळली हो, टाळी दिसली की ती तशीच वळते. मागे वळलो तर इरा, हातात माझ्यासाठी वाढून आणलेलं ताट.

गाडीत ती एवढंच म्हणाली, यू सेड येस. मेधानं रेडिओ लावला.

भांडण नाही केलं तिनं. भांडली असती तर मी जिंकलो असतो, नाहीतर निदान रडून दाखवलं असतं. आता काही विचारलं की फाइन. जेवलीस? फाइन. शाळा? स्वीट ऍज. पूर्वी ओट्यावर बसून बोलायची, आता ओटा रिकामा असतो, मी कांदा चिरतो.

विरेमूला सोमवारी भेटलो. माफी मागायची म्हणून शिफ्टच्या आधीच गेलो आणि अर्थातच लांबलचक सुरुवात केली, तर त्यानं हात वर केला. बॉलिवूड, म्हणाला, मला सांगू नकोस. आमच्या मराएवर, कुळाच्या सभाघरी ये, उन्हाळ्यात, घरच्या सगळ्यांसमोर बोल. आणि किती माणसं आणायची ते विचारू नकोस, आमच्याकडे ताटं मोजत नाहीत! आणि हसला, पण टेबलावर हात नाही आपटला.

मंडळात मी वहिनींना खरं सांगितलं, ते गाणं माझं नव्हतं. त्या म्हणाल्या, तुमचा विनयच मोठा. घ्या! आयुष्यभर खोटं पटकन खपलं, आणि खरं सांगायला गेलो तर कुणी घेईना.

येत्या शनिवारी जायचंय. मेधा येणार आहे. मी भाषण चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं, प्रत्येक वेळी शेवटी माझ्याचसाठी टाळी ठेवलेली सापडते. काल इराच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, मी बोललो की मागे कुणीतरी उभं राहावं लागतं, तू राहशील का? तिनं मान वर न करता म्हटलं, डिपेंड्स व्हॉट यू से.

बरोबर आहे तिचं. आधी ऐकेल, मग ठरवेल. मला उठून साधं सांगायचंय, की मी असं असं केलं, आणि खाली बसायचंय, मध्ये कुठेही हात न फिरवता, आवाज न चढवता. एवढं साधं मला कधी जमलेलं नाही. नाही उभी राहिली ती, तर नाही राहिली, मी एकटा उभा राहीन थोडा वेळ, दुसऱ्याला ठेवलं होतं ना. पोरीचं मात्र भलं होवो. ती त्या दिवशी उडी मारून गेली तेव्हा बघायला कोण आहे याकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.