मधला अंतरा

...आणि वर ती बिल्ला लावलेली बाई मला विचारते, "काका, गाणं संपलं की नाही एवढं तरी कळतं का तुम्हाला?" मला! अहो, ज्या गाण्यापायी मी दहावीला दोनदा बसलो, ते कधी संपतं हे आता ही मला शिकवणार? पण तिचंही काय चुकलं म्हणा! तीन पिकल्या केसांची माणसं, एक चष्मेवाला म्हणजे मी, एक गणिताचा मास्तर आणि एक गाड्यांचे पत्रे ठोकणारा डेंटर, भर मैफलीत उभी राहून टाळ्या पिटतायत, आणि स्टेजवर गवई अजून गातोच आहे! तुम्ही म्हणाल, डोकी फिरलीत. फिरली असतील. पण तुम्हाला सांगतो, आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

शाळेत असल्यापासून आम्ही तिघं. डेंटरच्या थोरल्या भावाचं गॅरेज, तिथे एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट एकच, याच गवयाची. त्यातलं एक गाणं आम्ही किती वेळा ऐकलं असेल? मास्तर हिशेब करून सांगेल, त्याला विचारू नका, खरंच सांगतो तो. तर एके दिवशी त्या यंत्राने टेप खाल्ली. कोणामुळे? माझ्यामुळे! मला घाई, वाजता वाजताच बटण दाबलं, आणि आतून हा एवढा गुंता बाहेर. डेंटर उठला. ब्लेडने चुरगळलेला तुकडा कापला, बहिणीचं नेलपॉलिश आणून दोन टोकं चिकटवली, संपलं. गाण्याचा मधला अंतरा गेला केराच्या टोपलीत! तेव्हापासून आमचं गाणं असं, पहिला अंतरा, मग जोडावर 'खट्', की एकदम शेवटचा. आम्ही ते 'खट्'सुद्धा म्हणायचो हो! त्याशिवाय गाणं पुरं वाटायचंच नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी तो गवई आमच्या गावात आला. साक्षात! डेंटर धावत दुकानात, हात काळे, तोंडभर हसू, "चल, तिकिटं काढू!" आणि मी काय म्हणालो? त्या दिवशी माझ्या दुकानाचा नवा बोर्ड लावायला माणूस यायचा होता. बोर्ड! मी म्हटलं, "अरे, तो काय पळून जातोय? पुढच्या वेळी जाऊ." मी नाही म्हणून मास्तर नाही, मास्तर नाही म्हणून डेंटर नाही. आणि पुढच्याच वर्षी त्या गवयाचा गळा बसला, तो गायचाच बंद झाला! अकरा वर्षं! बोर्डाचा रंग उडाला, अक्षरं गेली, नुसता 'चष्म्या' उरलाय त्यावर. रोज शटर उघडताना मान वर जाते आणि ऐकू येतं, पुढच्या वेळी जाऊ.

तर यंदा गळा बरा झाला म्हणे, कार्यक्रम जाहीर झाला. मी म्हटलं, आता नाही सोडायचं. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला तिकिटं काढली. दुसरी रांग! गवयाच्या मोज्याला भोक असेल तर दिसेल इतकी जवळ!

संध्याकाळी डेंटरला न्यायला गेलो. तो आत इस्त्रीचा शर्ट शोधतोय, आणि वहिनी मला दारातच अडवून हळूच म्हणतात, "भाऊजी, एक सांगायचं होतं. यांना ऐकू येत नाही."

म्हटलं, "कमी येत असेल, वय झालं."

"कमी नाही भाऊजी. येतच नाही. दोन वर्षं झाली. पत्रे ठोकून ठोकून गेलं म्हणतात डॉक्टर. यंत्र आणलंय, ते डब्यात पडलंय. त्यातून सगळं पत्र्यासारखंच वाजतं म्हणे. पण दोन महिने झाले, तिकीट उशाखाली घेऊन झोपतायत. तुम्हाला कळलंय हे दाखवू नका. आणि... परत आणा नीट."

अहो, दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणारा मी, मला माझ्या मित्राचं एवढं दिसू नये? फोन उचलत नव्हता, मला वाटायचं, बोर्डावरून अजून रागावलाय. मोठ्याने बोलायचा, तर तो पहिल्यापासूनच ओरडून बोलतो. तोंडाकडे टक लावून बघायचा, मला वाटलं, माझा नवा दात बघतोय! आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? अकरा वर्षांपूर्वी त्याचे कान शाबूत होते. शाबूत! आणि मी म्हणालो होतो, पुढच्या वेळी जाऊ.

मास्तरला स्कूटर लावताना सांगितलं. गणिताचा माणूस, पण तोही दोन मिनिटं नुसता किल्ली खिशात घालत होता आणि काढत होता.

आत गेलो, बसलो. स्टेजवर एक जण माइक तपासतोय, "हॅलो, चेक, चेक, वन, टू..." आणि आमचा डेंटर मान डोलावून मोठ्याने म्हणतो, "वा! क्या बात है!" समोरची सगळी रांग मागे वळली. मास्तरने काय करावं? तोही म्हणाला, "वा! टू तर काय लागलाय!" मग ती निवेदिका, "आजची ही संध्याकाळ नुसती संध्याकाळ नाही, तर सुरांचं चांदणं..." अहो बाई, आटपा! पण डेंटर मात्र लोक हसले की हसायचा, जरासा मागून. टाळ्या पडल्या की टाळ्या. आणि दर वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, कसं? आहे की नाही? मी आपला मान हलवतोय.

मग त्याने एक केलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. तुम्हाला माहीत नसेल, डेंटर पत्र्याचा खड्डा डोळ्यांनी नाही शोधत, तळव्याने शोधतो. तबल्याचा ठेका जमिनीतून खुर्चीत, खुर्चीतून हातात. दोन गाणी गेली, तीन गेली, हात तसाच. आणि चौथ्याला त्याचा चेहरा असा उजळला! आमचंच गाणं! गवयाने तोंड उघडायच्या आत त्याने ओळखलं होतं!

आणि डेंटर गायला लागला हो! मोठ्याने! सूर? सूर कुठला! पण ठेक्याला पक्का. पहिला अंतरा गवयाबरोबर अगदी बरोब्बर संपला. मागून "शू! शू!" चाललेलं. आणि मग, तुम्हाला सांगतो, भर मैफलीत डेंटर म्हणाला, "खट्!"

आणि घेतला शेवटचा अंतरा! गवई आपला मधल्यात, हा शेवटच्यात! लोक उठून बघायला लागले. डेंटरचे डोळे मिटलेले, पण उघडले असते तर? सगळ्यांची तोंडं दिसली असती. मी मास्तरकडे बघितलं, मास्तरने माझ्याकडे. आणि आयुष्यात कधी वर्गाबाहेर आवाज न चढवलेला तो मास्तर, माझ्याआधी सुरू झाला! मग मीही. तिघंही, गळा फाडून, गॅरेजात गायचो तस्सं. तो कापलेला मधला अंतरा शेवटी समोर आला, खुद्द गवयाच्या तोंडून, आणि मी तो याही वेळी ऐकला नाही. आमच्याच आरड्याओरड्यात गेला. मला रडू येत होतं हो, गाता गाता.

आमचं गाणं संपलं. डेंटर उठला, टाळ्या वाजवायला लागला, डोळ्यांतून धार. मग आम्हीही उठलो. मित्र टाळ्या वाजवतोय, बसून राहायचं? गवई अजून शेवटच्या अंतऱ्यालाही पोचला नव्हता! तेव्हा ती बिल्लेवाली आली, दाराकडे हात दाखवत. डेंटरला वाटलं, बाई कौतुकच करायला आलीय. तो तिला हात जोडून म्हणाला, "फार सुंदर झालं हो." आणि आमच्या पुढे दाराबाहेर पडला.

बाहेर रस्त्यावर आलो. डेंटर शर्टाच्या बाहीने तोंड पुसत म्हणतो, "काय गायला रे! आवाज अजून तस्साच आहे त्याचा."

मास्तर म्हणाला, "तस्साच." आणि दुसरीकडे तोंड करून स्कूटर पुसायला लागला, कोरडीच होती ती.

मग डेंटरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फक्त एक कर. जरा जवळची तिकिटं काढ रे. एवढ्या लांबून नीट ऐकू येत नाही."

अहो, दुसरी रांग होती आमची! दुसरी!

मी काय करणार? दिव्याच्या खांबाखाली सरकलो, उजेड तोंडावर येईल असा उभा राहिलो, आणि एकेक अक्षर ओठांवर नीट दिसेल असं म्हटलं, "काढतो. पुढच्या वेळी."