बुवांना म्हटलं, 'येते हं'

"शरयू, उंबऱ्याशी 'जाते' म्हणू नये हो. 'येते' म्हणावं. आणि एकदा म्हटलंस, की यावं!"

मंडळी, ही शरयूताईंच्या सासूबाईंची शिकवण. सासूबाई देवाघरी गेल्या, शिकवण मागे राहिली. आता मला सांगा — आपण रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात 'येतो हं' म्हणतो. ते वचन असतं, की चपला घालताना तोंडानं करायचा आवाज? सांगा की! माझा आवाज बारीक, मागच्यांनी जरा पुढे सरका. आणि ते बघा, दामूकाका खांबाला टेकून हसताहेत! हसा, काका. साखरप्याच्या तुमच्या बहिणीला, अक्कांना काय म्हणून आलात, ते ठाऊक आहे मला!

तर ऐका. देवरुखच्या शरयूताई. नेम एकच, पण कडक — तोंडून खोटं निघालं, तर ते खरं होईपर्यंत अन्न नाही. अशा बाईनं सहलीला जावं का? पण कुंदा आणि नलू या बालमैत्रिणींनी ओढलंच — थेट थायलंडला! ताईंच्या सामानात काय? मेतकूट, गूळपापडी आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, मोज्यात गुंडाळून. — धुतलेल्या मोज्यात हो!

एक दिवस तिघी गेल्या हत्तींच्या आश्रमात. आश्रमच तो! थकलेल्या हत्तींना तिथे शेवटपर्यंत सांभाळतात. सांभाळणारा आनन, मोठा हसरा गृहस्थ. त्यानं एका म्हाताऱ्या, आंधळ्या हत्तिणीपुढे नेऊन उभं केलं. "हिचं नाव बुआ." त्यांच्या भाषेत बुआ म्हणजे कमळ. पण ताईंना काय ऐकू आलं? बुवा! पदर सावरून वाकल्याच की हो!

"नमस्कार करते, बुवा!"

"अगं, हत्तीण आहे ती," नलू म्हणाली. "बुवा कशी होईल?"

"का? आपल्या देवळात बाई उभी राहते कीर्तनाला. तिलाही लोक बुवाच म्हणतात!"

— हा टोला कुणाला, ते कळलं मला. असो!

बुवांनी सोंडेनं ताईंचं तोंड चाचपलं, खांदा चाचपला, पिशवी चाचपली — आणि गूळपापडीचा डबा बरोब्बर बाहेर! आननला विचारून ताईंनी एक वडी दिली. बुवांनी ती खाल्ली आणि सोंड ताईंच्या खांद्यावर टाकली. निवांत! जशी माहेरवाशीण भेटली!

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. ताईंनी सोंडेवरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणाल्या, "येते हं, बुवा."

"काय म्हणाली ही?" आननची चौकशी.

कुंदाचं इंग्रजी म्हणजे अर्धकच्चं घावन. उलटायला जावं तर तुटतं! "शी से, आय कम!"

आननचा चेहरा फुलला. त्यानं हत्तिणीच्या कानाशी काहीतरी सांगितलं. आणि मंडळी, समोरचा भोपळा टाकून ती कुंपण चाचपत फाटकाशी येऊन उभी राहिली!

बसमध्ये ताईंचा चेहरा पांढराफटक.

"कुंदे, काय सांगितलंस त्याला?"

"तू म्हणालीस तेच. येते."

"अगं, पण 'येते' म्हणजे 'जाते'!"

"मग हे तूच समजाव त्याला!"

ताई खिडकीतून ओरडल्या, "आनन! आय गो! कम मीन्स गो!"

"येस, येस!" आनन हात हलवत म्हणाला. "गो... देन कम!"

बस सुटली.

रात्री मेतकूट-भात वाढला. ताईंनी ताट सारलं.

"मुक्या जनावराला काय कळतंय गं?" नलू वैतागली.

"त्याला नसेल कळलं. मला कळलंय ना!"

"उद्या दुपारी विमान आहे, बये! बाजार व्हायचाय अजून!"

"बाजार तुम्ही करा."

अहो, एका हत्तीनं तळ्यातून हाक मारली, तर वैकुंठीचा राणा गरुडाचीही वाट न बघता धावला. मग देवरुखच्या बाईनं साधी रिक्षा करायला काय हरकत?

सकाळी मैत्रिणी बाजाराच्या पिशव्या शोधत होत्या. ताईंनी बाळकृष्णाला नैवेद्य दाखवला, डबा काखेत घेतला, दार हळूच लोटलं, म्हणाल्या, "येते हं—" आणि जीभ चावली! झालं! आता विमानाआधी इकडेही यायला लागणार!

बुवा फाटकाशी उभ्या होत्या का? ते मला विचारू नका. मीच तुम्हाला विचारते — तुमच्या 'येतो'च्या फाटकाशी कोण उभं आहे? हत्तीण नसेल. एखादी आत्या असेल. आजारी मित्र असेल. गेल्या भाऊबीजेपासून ओवाळणीचं ताट घेऊन थांबलेली—

अगोबाई! दामूकाका उठले वाटतं? आरती व्हायची आहे, काका! ... थांबवू नका त्यांना, वाट द्या. बघा कसे चपला हातात घेऊन, पाय न वाजवता निघालेत. प्रसाद ठेवते तुमचा बाजूला. काय म्हणालात? येतो?

या, काका. या!