म्हशीचं कॅल्शियम

कराडच्या हाडांच्या दवाखान्यात चंदनबाला नंबरची वाट बघत बसली होती. कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं मनगटाला प्लास्टर घातलेल्या हरणाबाई आणि त्यांची सून मंगल.

“आत्याबाई, डाक्टर म्हणत्यात, तुमची हाडं आतनं पोकळ झाल्यात.”

“गोठ्यात पाय घसरला नुसता. त्याला पोकळ कशाला व्हायला पायजे?”

“नुसतं घसरून मनगट मोडतं व्हय? पाळी गेल्यावर बायकांची हाडं लय झिजत्यात म्हणं. दूध पिता का, इचारत हुते.”

“मग व्हय म्हणायचं!”

“कवा पिता? समदं डेअरीला घालता. उरलंसुरलं पावण्यांच्या च्याला.”

“बरं, औषध काय दिलंय?”

“कॅल्शियम. रोज घ्यायचं.”

“त्ये कशाला इकत घ्यायचं? घरात त्येचा क्यान भरलाय की!”

“आवं, त्यो म्हशीचा हाय!”

“व्हय, मीच पाजते. मागल्या येताला व्याली आन् म्हस खाली बसली, उठंना. तवापास्नं एक दिस चुकवला न्हाई.”

“म्हशीचं कळतंय तुमास्नी. मग सोता का न्हाई घेतलं कवा?”

“आगं, मी काय दूध देतीया व्हय?”