कॅप्टनचे कान

आत्या: हाच! हाच माझा बाप. बांधा गाठोडं, निघू या. सापडला!

भाची: हळू बोल, आत्या. ते दफ्तरदार बघतायत.

आत्या: बघू देत. ब्याऐंशीव्या वर्षी बाप सापडल्यावर माणसाने ओरडायचं नाही तर काय जांभया द्यायच्या? अगं, रुबाब बघ की. मिशी बघ! टोपी कशी तिरकी घातलीये.

भाची: खालची ओळ वाच. हे कॅप्टन वारले तेव्हा तुझी आई पाच वर्षांची होती.

आत्या: मग एवढी मिशी कशाला ठेवायची मेल्याने?

भाची: तुझ्यासाठी नव्हती ठेवली.

आत्या: आपल्या घराण्यात नाव ठेवायची अक्कलच नाही कुणाला. इथल्या यादीत बापाच्या एका नावाची एक्केचाळीस माणसं समुद्रावर! धक्क्यावर कुणी हाक मारली तर निम्मं बंदर वळून बघत असेल.

दफ्तरदार: बाई, खलाशांच्या नोंदींच्या या दालनात बोलायला मनाई नाही. आरोळीला आहे. आणि हातातलं पेन कृपया आत ठेवा, इथे फक्त पेन्सिल चालते.

आत्या: अहो साहेब, पेन कुठलं, स्कार्फची पिन आहे ही. सुटली मघाशी आनंदात. लावते हं परत.

दफ्तरदार: आज आपला तिसरा दिवस. जहाजी कंपन्यांच्या कॅप्टनांची वही झाली. इंजिनिअरांच्या दोन्ही वह्या झाल्या. युद्धात बुडालेल्या एकाही बोटीवर या नावाचा कॅप्टन नाही. मी एक विचारू? वडील कॅप्टन होते, हे आपल्याला सांगितलं कुणी?

भाची: मीही तेच विचारणार होते. आजी तर इंजिनिअर म्हणायची ना गं?

आत्या: हो. आधी दुसऱ्या नंबरचा इंजिनिअर होता. मग तुझा बाबा गणितात नापास झाला, तेव्हा आई त्याला म्हणाली, अरे, तुझा बाप बोटीवर पहिला इंजिनिअर होता आणि तू हे दिवे लावतोस! तेव्हापासून पहिला.

भाची: आणि कॅप्टन कधी झाला?

आत्या: तुझ्या लग्नात. बाबानेच पत्रिकेवर छापलं, 'कॅप्टन अमुक अमुक यांची नात'. म्हणाला, मुलाकडचे तालेवार आहेत, आपणही कमी दिसायला नको.

भाची: तालेवार? माझ्या सासऱ्यांचं चपलांचं दुकान होतं!

आत्या: दुमजली होतं.

भाची: म्हणजे बुडालेल्या माणसाला बढती! तीही दोनदा, दुसरी तर पंचावन्न वर्षांनी! आणि आम्ही रजा काढून तीन दिवस त्याला कॅप्टन-इंजिनिअरांत शोधतोय!

दफ्तरदार: मला कामाच्या वेळेत हसता येत नाही. कृपा करून थांबा जरा.

आत्या: हसा हो. कुणाला सांगणार नाही आम्ही.

दफ्तरदार: पण आपल्याला नक्की हवंय काय? दाखला? पदक?

आत्या: तोंड.

दफ्तरदार: काय?

आत्या: तोंड बघायचंय हो त्याचं. घरात एक फोटो नाही. फोटो काढायला जायचं ठरलं आणि त्याच सकाळी निरोप आला, बोट सुटतेय. गेला तो गेलाच. मी तेव्हा पोटात होते. आधी जहाज बुडालं, मग मी जन्मले.

भाची: कानांचं सांग त्यांना.

आत्या: ते कशाला परक्या माणसाला?

भाची: तीन दिवस तो परका माणूस तुझ्यासाठी पेट्या उचलतोय.

आत्या: बरं. साहेब, माझा भाऊ, म्हणजे हिचा बाबा, आईच्या तोंडावळ्यावर गेला. तेच नाक, तेच कान, इवलेसे. आणि मी ही अशी. कपाला दोन्हीकडून कान लावावेत तसे माझे कान बाहेर. आम्ही राहायला गेलो त्या गल्लीत बापाला पाहिलेलं कुणीच नव्हतं. शेजारणी मला बघून म्हणायच्या, ही कुठून उचलून आणलीस गं? भाऊ तर रोज म्हणायचा, तू आमची नाहीसच. आईला विचारायला गेले की ती माझ्या कानाला हात लावायची आणि रडायला लागायची. मग मी विचारणंच सोडलं.

भाची: आणि झाकायला लागली.

आत्या: शाळेत वेण्या कानांवरून. मग टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी धरली. का, तर तिथे कानांवर हेडफोन बसतो! चाळीस वर्षं, साहेब. आता हा स्कार्फ. उन्हाळ्यात घामोळं उठतं, पण स्कार्फ. मला एवढंच बघायचंय, हे कान कुणाचे. एकदा कळलं की मी मोकळी.

दफ्तरदार: एखादा कागद आहे का आपल्याजवळ? काहीही?

भाची: एक पत्र आहे. कात्रीने ठिकठिकाणी कापलंय.

दफ्तरदार: सेन्सॉरने. युद्धात बोटीचं नाव, बंदराचं नाव कापूनच पुढे पाठवायचे. वाचा.

भाची: 'माझ्या भिंगरीला', म्हणजे आजीला. 'आम्ही', इथे भोक, 'हून निघालो. पुढे', मोठं भोक. 'इथली हवा', भोक.

आत्या: हवासुद्धा कापली मुडद्यांनी!

दफ्तरदार: हवेवरून ठिकाण कळतं, बाई.

भाची: 'रात्रभर आगीसमोर उभा असतो. मी एक रात्र झोपलो तर चारशे माणसांची सकाळ व्हायची नाही. तेव्हा माझी काळजी करू नकोस, मी इथला फार मोठा माणूस आहे.'

आत्या: ऐकलंत? चारशे माणसं! आई म्हणायची, एवढी जबाबदारी इंजिनिअरशिवाय कुणाची असणार?

दफ्तरदार: पुन्हा वाचा. 'रात्रभर' लिहिलंय?

भाची: हो. रात्रभर.

दफ्तरदार: बाई, बोटीवर इंजिनाशी पाळ्या असतात. चार तास काम, आठ तास सुट्टी. इंजिनिअर असो नाहीतर कोळसा टाकणारा, रात्रभर आगीपुढे कुणाला ठेवत नाहीत. माणूस कोसळेल.

आत्या: म्हणजे थाप मारली त्याने?

दफ्तरदार: नाही. बोटीवर रात्रभर आगीसमोर उभा राहणारा एक माणूस असतो. तो दिवसा झोपतो. बावीस वर्षं मी या खलाशांच्या कार्डांत आहे, मला आधीच विचारायला हवं होतं.

भाची: अहो, पण कोण?

दफ्तरदार: पाव भाजणारा. चारशे माणसं सकाळी उठली की त्यांना ताजा पाव लागतो.

भाची: आत्या? आत्या, हसतेयस की रडतेयस?

आत्या: अगं, कॅप्टन... कॅप्टन पाव भाजत होता!

भाची: तीनशे पत्रिका! तीनशे पत्रिका वाटल्या बाबाने!

आत्या: आणि मी एक्स्चेंजातल्या नव्या पोरींना दटावायचे, हुकूम सोडणं माझ्या रक्तातच आहे म्हणून! आई गं, पोट दुखलं माझं. आणि मला साधं दूध उतू न घालवता तापवता येत नाही गं!

दफ्तरदार: बाई, आवाज! मागणीची शेवटची चिठ्ठी साडेतीनला घेतात. तीन पंचवीस झालेत. लिहा लवकर. 'स्वयंपाक विभाग. बेकर.' ही पेन्सिल घ्या.

भाची: दे, मी लिहिते. पाचच मिनिटं आहेत.

आत्या: नको. बाप माझा आहे. मीच लिहिणार.

भाची: 'बेकर'वर 'कॅप्टन' नको लिहूस फक्त.

आत्या: गप गं.

भाची: दफ्तरदार आले बघ परत. आत्या, डोळे मिटून काय बसलीस? आले ते.

आत्या: रिकाम्या हाताने?

दफ्तरदार: रिकाम्या हाताने नाही. एक्केचाळिसांत बेकर एकच निघाला.

आत्या: फोटो?

दफ्तरदार: मागे पाकीट टाचलेलं आहे. पण आधी माणूस तोच का ते बघू. आणि सगळ्यांचे फोटो नसतात, पाकिटं रिकामीही निघतात. मन घट्ट करा.

आत्या: चाळीस वर्षं लोकांना 'लाईन व्यस्त आहे' सांगितलंय मी. घट्टच आहे. वाचा.

दफ्तरदार: उंची, पाच फूट दोन.

आत्या: बुटका!

दफ्तरदार: डोळे तपकिरी. ओळखीची खूण, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. वागणूक, उत्तम. शेरा, 'फार बोलतो'.

भाची: पुढचं वाचायची गरजच नाही. हाच.

दफ्तरदार: जवळचा नातलग, पत्नी. पत्नीचं नाव... हे काय? 'भिंगरी'.

भाची: सरकारी कागदावर?

दफ्तरदार: कारकुनाने विचारलं असेल, यांनी सांगून टाकलं. मुलं...

आत्या: एक. एकच असणार तिथे. माझं त्याला ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. पत्रात तर काही नाही. असलं तर भोकात गेलं.

दफ्तरदार: 'दीड'.

भाची: काय?

दफ्तरदार: 'मुलं, दीड'. कारकुनाने तांबड्या शाईने खोडून वर 'एक' केलंय. पण खालचं स्पष्ट वाचता येतं. हे बघा.

भाची: आत्या! ते अर्धं...

आत्या: मी. अगं, ते अर्धं मी! ठाऊक होतं त्याला. ठाऊक होतं गं! धरलं होतं त्याने मला हिशेबात!

दफ्तरदार: या रकान्यात अपूर्णांक मी पहिल्यांदाच बघतोय.

भाची: तुमचा चष्मा का हो धुरकट झाला?

दफ्तरदार: धूळ फार असते इथे. पाकीट उघडू ना, बाई?

आत्या: उघडा. नको, थांबा. एक मिनिट थांबा.

(आत्या स्कार्फची पिन काढते आणि स्कार्फ सोडून मांडीवर ठेवते.)

आत्या: हं. आता उघडा.

दफ्तरदार: आहे. फोटो आहे.

भाची: अगंबाई!

आत्या: काय? मला काही दिसत नाहीये, डोळे भरून आलेत. काय ते सांग ना!

भाची: आत्या, टोपी त्याच्या डोक्यावर नाहीये. कानांवर टेकलीये!

आत्या: दे इकडे. दोन्ही?

भाची: दोन्ही. चौकटीत मावत नाहीयेत. डावा तर काठाला लागलाय.

आत्या: माझाही डावाच जास्त आहे. अगं, किती कोवळा आहे हा. पोरगाच आहे. आणि हसतोय बघ कसा, दात काढून.

दफ्तरदार: नियमाप्रमाणे ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नसतं.

आत्या: म्हणून आई माझ्या कानाला हात लावून रडायची. मला वाटायचं, पोरीचे असले कान म्हणून तिला वाईट वाटतं. तिला तो दिसायचा गं.

भाची: आज बाबा असता तर तुझी माफी मागितली असती.

आत्या: त्याच्याकडे होतं काय, बिचाऱ्याकडे? इवलेसे कान.

दफ्तरदार: बाई, चार वाजले. फोटोची प्रत पुढच्या आठवड्यात मी स्वतः तयार करून ठेवतो. पण हे मूळ कार्ड आता मला परत पेटीत ठेवावं लागेल.

आत्या: ठेवा, नियम तो नियम. फक्त पाकिटात घालताना जरा जपून हं, साहेब. कान दुमडतील त्याचे.