पोरीनं अडवलेली गाडी

न्हाई न्हाई, कल्याणराव, तुम्ही उतरू नका, बसून राहा — अहो, आपलीच पोरगी हाय, म्हणून तर जाऊन सांगता येत न्हाई. ती जीपजवळची, खाकी कपड्यातली — हां, तीच. अक्षता. आरटीओत साहेब झाली. नोकरी तिकडं नगरला, पण ह्या आठवड्यात तपासणीच्या पथकात इकडं धाडली तिला. पाहिलं ना तिनं मला. पाहूनच हात केला, बाजूला घ्या म्हणून. बाकीच्या गाड्यांना करती, तस्साच.

मागं भरलेली तुमची मोसंबी तापून राह्यली, दिसतंय मला. पण जाऊन म्हणू काय? बापाची गाडी हाय, सोड म्हणू? एवढे ड्रायव्हर उभे हायेत, कोणीतरी मोबाईलवर धरलंच समजा — मंग पोरीनं तोंड कुठं दाखवायचं? सकाळी चहा देताना बजावलं होतं तिनं. बाबा, ती गाडी काढू नका, काढली तर मी थांबवीन. मी हसलो. हसलो म्हंजे — दुसरं काय करणार?

मंग काढली कशाला, असंच ना? मालकाला न्हाई म्हणता येत न्हाई हो. राधेश्यामशेठ. ही पोरगी शहरात, मस्तगडला, त्यांच्या खोलीत राहून शिकली, भाड्याचा शब्द काढला न्हाई माणसानं. शेठाणी दोन्ही टाईम डबा द्यायची. निकालाचे पेढे घेऊन गेल्तो तर शेठ रडले — इतका भला माणूस! अन् तोच काल म्हणला, बद्रीनाथ, हा आठवडा ती जुनी पिकअप तूच चालव. दुसऱ्याला धरतील, तुला कोण धरतंय? रस्त्यावर आपलीच पोरगी हाय. — आपलीच म्हणले. मी मान हलवली. काय करावं माणसानं, तुम्हीच सांगा.

ब्रेक? लागतेत ना. दोन-तीनदा पाय मारला की लागतेत बराबर. तुम्ही राजूरला झोपेत होते ते बरं झालं — न्हाई, झालं काही न्हाई. बिलकुल न्हाई. एक बाई होती, लेकरू कडेवर. मी पाय मारला, परत मारला, गाडी आपली चाललीच — तिनंच उडी मारली बाजूला. मी थांबलो न्हाई. थांबलो न्हाई म्हंजे — गाडीच थांबत नव्हती ना! असं पाहू नका माझ्याकडं. सांगायचंच नव्हतं तुम्हाला.

वाजू द्या. शेठचाच फोन हाय. उचलला की म्हणतील, पोरीला दे. ती त्यांना काका म्हणती, तिनं काय बोलावं मंग? आत्ता मी एकटाच अडकलोय. तिच्या हातात फोन दिला की तीबी अडकली.

आली. तुम्ही बोलू नका मधी.

काय म्हणल्या मॅडम? नाव? — बद्रीनाथ. हो, मीच चालवत होतो. — न्हाई, तपासायची गरज न्हाई, मॅडम. ब्रेक न्हाईत गाडीला. राजूरला लागले न्हाईत, बाई अन् लेकरू मरता मरता वाचले. लिहून घ्या तुम्ही. — नका हो, रडू नका, लोक पाहून राह्यलेत. ही घ्या चावी.

कल्याणराव, उतरा. दुसरी गाडी बघा मोसंबीला. जा म्हणतो ना — काय पाहत उभे राह्यले!