कोरमसाठी लावलेले दार

शेरीफ कार्यालय, ऑल्डेन, हॅलोरन काउंटी. बुधवार, दिनांक १९ जून २०१९. लिहून घेणार : डेप्युटी नीमी.

नाव मार्लीन कोस्केला, वय ५९ वर्षे, धंदा नोकरी (चार काउंट्यांच्या विभागीय कामगार विकास मंडळाची कारकून), राहणार मिल रस्ता, बर्च फेरी.

मला कोणीही बोलावलेले नाही. आज सकाळी साडेनऊ वाजता मी आपण होऊन या कार्यालयात आले आणि समक्ष सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी पती वेंडेल, वय ६१, यांच्यासह राहते. वेंडेल बर्च फेरीच्या कागद गिरणीत तेहतीस वर्षे होते. दोन वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली आणि त्यानंतर दीड वर्ष ते सोफ्यावर बसून होते. या फेब्रुवारीपासून ते मंडळाच्या बर्च फेरी केंद्रात बॉयलर चालकाच्या परवान्याचा वर्ग करतात. वर्गात चौदा जण आहेत, सगळे गिरणीचेच. शिकायला लागतो तो बॉयलर आमच्या गिरणीत आहे, अडुसष्ट मैलांवरच्या ऑल्डेनच्या मुख्य केंद्रात नाही. तिथे संगणक आहेत. वर्गाचे तास ऑक्टोबरात पुरे होतात आणि ते पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ऑल्डेनच्या रुग्णालयाला परवाना असलेली माणसे हवी आहेत.

मंडळ म्हणजे काय, असे डेप्युटींनी विचारल्यावरून सांगते. बेकार झालेल्यांना शिकवण्यासाठी आणि कामाला लावण्यासाठी सरकारचा जो निधी येतो, तो कुठे कसा वापरायचा हे मंडळ ठरवते. मंडळावर एकवीस खुर्च्या आहेत. त्यांवर कोण बसणार हे चार काउंट्यांचे निवडून आलेले आयुक्त ठरवतात. एकवीसपैकी अकरा खुर्च्या मालकांच्या, कारण मालक बहुसंख्य असले पाहिजेत असा नियमच आहे. अध्यक्षही मालकांपैकीच. कामगार संघटना आणि गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्था यांना मिळून पाच, उरलेल्या पाच कॉलेजे आणि सरकारी खात्यांच्या. ज्यांचे काम गेले आहे त्यांच्यासाठी एकही खुर्ची नाही. ते प्रेक्षकांत बसतात आणि त्यांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे मिळतात. घड्याळ मी लावते.

मला मत नाही. मी हजेरी घेते, नावे पुकारते, इतिवृत्त लिहिते, कॉफी करते. सभा ऑल्डेनच्या ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत होते आणि तिची किल्ली माझ्याकडे असते. हे मी एकोणीस वर्षे करत आले. मंडळाची घटना मी चार वेळा टाइप केली आहे, त्यामुळे ती मला बऱ्याच सभासदांपेक्षा चांगली येते. सभेला अकरा जण हजर असले तरच ठराव होतो. दहा झाले की कोरम मोडला, विषय पुढच्या सभेत.

या मार्चमध्ये बर्च फेरी केंद्राची जागा पुढे चालू ठेवण्याचा ठराव आला. अध्यक्ष कर्टिस ऑस्ट्रँडर यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. प्लायवूडच्या कारखान्याचे मालक आहेत ते. त्यांनी चष्मा काढला की मालक मंडळींपैकी पाच-सहा जणांना एकाच वेळी फोन येतात. सगळे बाहेर गेले, कोरम मोडला. मे महिन्यातही तसेच झाले. त्या वेळी एक जण जाता जाता मला म्हणाला, "लाकडाचा ट्रक आलाय गं, काय करणार." त्याचे कपड्यांचे दुकान आहे. दोन्ही वेळा वेंडेल आणि वर्गातले लोक प्रेक्षकांत बसले होते. तीन मिनिटांत काय बोलायचे ते त्यांनी कागदावर लिहून आणले होते. मी इतिवृत्तात लिहिले, "कोरमअभावी विषय स्थगित." माझे हात शिवशिवत होते.

जूनच्या सभेत सहावा विषय होता पुढच्या वर्षाच्या योजनेचा. त्या योजनेत बर्च फेरीचे नावच नव्हते. ती मंजूर झाली की ३० जूनला केंद्राला टाळे. माझा हिशेब असा होता की मत झाले तर आपण जिंकू. कोण कुठे झुकते हे मला कॉफीच्या टेबलापाशी कळते. तेरा जण येणार होते, त्यांतले सात योजनेच्या विरुद्ध होते. भीती एकच, मालक पुन्हा उठून जातील. तसे झाले तर जागेच्या कराराची मुदत आपोआप संपेल आणि केंद्र बिनबोभाट बंद होईल, असे मी धरून चालले होते. ते मी कोणाला विचारले नाही.

काल मंगळवार, १८ जून रोजी सभा दहा वाजता सुरू झाली. सभासद तेरा हजर. मंडळाचे संचालक रजेवर होते. वर्गाच्या लोकांना मीच सांगितले होते की या वेळी येऊ नका, काम झालेच म्हणून समजा. अकरा वाजून दहा मिनिटांनी कॉफीची सुट्टी संपली, सगळे जागेवर बसले. मी दाराशी गेले, आतून किल्ली फिरवली आणि ती स्वेटरच्या खिशात टाकली. खोलीला बाहेर जायचे दुसरे दार नाही. हे मी विचार करून केले, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे.

अध्यक्षांनी सहावा विषय पुकारला. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. उठले ते मालक नव्हते. उठला ड्वेन लाफ्रेनियर. तो पाइपफिटरांच्या संघटनेचा आहे, वेंडेलचा तीस वर्षांचा मित्र, दर शरद ऋतूत दोघे मिळून शिकारीला जातात. त्याच्यामागून प्रौढ शिक्षणाच्या लॉरेन टर्व्हो आणि दिव्यांग पुनर्वसन खात्याचे एक गृहस्थ उठले. तिघेही आपल्या बाजूचे. ड्वेनने दार ओढले. पुन्हा ओढले. मग तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "मार्लीन, दार उघड."

मी म्हणाले, "आधी मत द्या, मग कुठं जायचं ते जा."

"अगं उघड ना. नंतर सांगतो."

"ते दोनदा पळाले तेव्हा तू किती बोलला होतास. आता तूच पळतोयस? वेंडेलला काय सांगू मी?"

त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला. हे वाक्य गाळू नये अशी माझी विनंती आहे.

ऑस्ट्रँडर साहेब हे सगळे बघत होते. माझ्या खिशावर ठेवलेल्या हाताकडेही त्यांनी बघितले. मग ते म्हणाले, "दार अडकलंय वाटतं. जुनी इमारत आहे, चालायचंच. बसा ड्वेन, एवढा एक विषय संपवू आणि मग कुणाला तरी हाक मारू. मार्लीन, नावं पुकार."

मी तेराही नावे पुकारली. सातांतली दोन माणसे फिरली होती, एक बँकेचा, एक कॉलेजच्या बाई. आठ मते योजनेच्या बाजूने, पाच विरुद्ध. ड्वेनचे नाव पुकारले तेव्हा तो "विरोध" म्हणाला, माझ्याकडे न बघता. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी मी उठून दार उघडले. अध्यक्ष माझ्या जवळून जाताना म्हणाले, "बघ, लावला की नाही निकाल." हे त्यांनी विनोदाने म्हटले असावे.

बाहेर गाड्यांपाशी ड्वेन थांबला होता. त्याने मला एक पत्र दाखवले. त्याने राज्याच्या कार्यालयाला विचारले होते, त्याचे उत्तर आले होते. ३० जूनपर्यंत नवी योजना मंजूर झाली नाही तर जुनीच वर्षभर चालू राहते, असे त्यात होते. म्हणजे सभा मोडली असती तर केंद्र पुढच्या जूनपर्यंत राहिले असते. ती दोन माणसे फिरली हे त्याला सकाळीच कळले होते, म्हणून त्या तिघांनी उठून जायचे ठरवले होते.

मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू मंडळाची नोकर. ऑस्ट्रँडरनं सरळ विचारलं असतं तर तुला खोटं बोलता आलं नसतं. तुझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. म्हटलं, तुला कशाला गोवायचं."

"मग आता?"

"आता काय." तो गाडीत बसला. मग काच खाली करून म्हणाला, "आम्हाला कुणी जबरदस्तीनं डांबून ठेवलं होतं असं असतं ना मार्लीन, तर त्या मतांवर राज्याकडे दाद मागता आली असती. पण दार अडकलं म्हणतात सगळे. तसंच राहू दे. घरी जा तू."

त्याने मला काही करायला सांगितले नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण उद्या कोणी त्याच्यावर बालंट आणेल.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बॉयलरचे पुस्तक घेऊन बसले होते. समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात, त्यांच्या अक्षरात. मी दाराची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्यांनी खोडरबर घेतले आणि खुणा पुसायला लागले. मी म्हणाले, "हे काय करताय?" ते म्हणाले, "पुस्तक केंद्राचं आहे. परत करायचं तर स्वच्छ नको?"

आज सकाळी सव्वाआठला मी कार्यालयात गेले. इतिवृत्तासाठी अध्यक्षांची सूचना संगणकावर येऊन पडली होती. "दमट हवेमुळे दार फुगून काही काळ अडकले. सभासदांची गैरसोय झाली नाही." खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती, "मार्लीन, तुझ्या हातून घडलं ते घडलं, आमच्यापैकी कुणीही मनात ठेवलेलं नाही." एकोणीस वर्षांत या माणसाने माझ्याशी इतक्या मायेने बोलल्याचे मला आठवत नाही. मी ते इतिवृत्त टाइप केले नाही. संगणक बंद केला आणि इथे आले.

इथे डेप्युटी नीमी यांनी विचारले, "तक्रार कुणाविरुद्ध?" मी म्हणाले, "माझ्याविरुद्ध." त्यांनी पेन खाली ठेवले आणि ऑस्ट्रँडर साहेबांना फोन लावला. साहेबांनी कोणाची काही तक्रार नसल्याचे सांगितले. त्यावर डेप्युटी मला म्हणाले, "कोस्केलाबाई, ग्रंथालयाचं ते दार मलाही माहीत आहे. अडकतं ते. घरी जाऊन पडा जरा. कशाला नसतं लचांड मागे लावून घेताय?" डेप्युटी चांगल्या मनाने बोलले. माझी चूक झाकायला काल दुपारपासून सगळेच चांगल्या मनाने धावत आहेत. ती झाकली गेली की त्यासोबत वर्गही गाडला जातो, हे त्यांच्यापैकी काहींना ठाऊक नाही आणि काहींना पक्के ठाऊक आहे.

मी डेप्युटींना म्हणाले, "ते दार दमट हवेतही अडकत नाही. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला रंधा मारून घेतला. लिहा."

त्यांनी विचारले, "लोकांना कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, कळतंय ना तुम्हाला? नोकरी जाईल."

"कळतंय."

"आणि एवढं करून ते मत रद्द होईलच असं कुणी सांगितलंय?"

कोणीही सांगितलेले नाही. राज्याचे कार्यालय काय ठरवेल हे मला माहीत नाही. मला एवढेच माहीत आहे की तिघे जण बाहेर जायला निघाले होते आणि मी त्यांना जाऊ दिले नाही. एकाने तोंडाने सांगूनही दार उघडले नाही. ते बावीस मिनिटे आत होते ते आपल्या मर्जीने नव्हते. दार मी लावले हे अध्यक्षांना मत घेतानाच माहीत होते असा माझा समज आहे, पण त्यांनी मला तसे सांगितलेले नाही, म्हणून तो समज म्हणूनच लिहावा. सदर किल्ली मी जमा करत आहे.

ड्वेन, लॉरेन टर्व्हो आणि पुनर्वसन खात्याचे गृहस्थ यांचे पत्ते सोबत देत आहे. त्यांना बोलावून विचारावे. ते मला वाचवण्यासाठी दार अडकले होते असे सांगतील. त्यांचे ऐकू नये. या जबाबाची एक प्रत मला हवी आहे, ती मी आजच राज्याच्या कार्यालयाला पाठवणार आहे. वेंडेल यांना मी इथे आल्याचे माहीत नाही.

हा मजकूर डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी "चुकून दार लागले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि "दार मी लावले" असे लिहून घेतले. खाडाखोडीपाशी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

मार्लीन कोस्केला